समुद्रतळाची मालकी

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्याला पत्ताही नसतो, की पायाखालच्या वाळूतून, समुद्राखालच्या केबलमधून, देशाच्या इंटरनेटचा मोठा हिस्सा आत शिरतोय. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या नळीहून जाड नसते. ती कोणाची, आणि अडवू शकतो कोण, एवढंच आज बोलायचंय.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज मुंबईहून एडनकडे तार अंथरत निघालं. पैसा सरकारचा नव्हता. जॉन पेंडर या मँचेस्टरच्या कापड व्यापाऱ्याने कंपन्या काढून तो उभा केला होता. त्याआधी इंग्लंडहून तुर्कस्तान आणि इराणी आखातामार्गे येणाऱ्या निरोपाला दिवसच्या दिवस लागत, आणि मधल्या कारकुनांच्या हातून मजकुराचा पार चिवडा झालेला असे. आता लिव्हरपूलचा कापसाचा भाव इथे काही तासांत कळू लागला. तारेवर आवरण गटापर्चाचं, म्हणजे मलायाच्या जंगलातल्या झाडांचा चीक. गरम पाण्यात मऊ, थंडीत टणक. समुद्रतळासाठी याहून बरं काही कोणाला सापडलं नव्हतं, आणि त्याचा बाजार लंडनच्या मुठीत होता.

ही व्यापाऱ्यांची तार युद्धाच्या कामी आली ५ ऑगस्ट १९१४ ला. युद्ध पुकारून काही तास होतात न होतात तोच ब्रिटिश जहाजाने इंग्लिश खाडीत जर्मनीच्या तारा तोडल्या. मग जर्मनीला परक्यांच्या तारांवर विसंबावं लागलं. जानेवारी १९१७ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युतीचा प्रस्ताव पाठवला, तोही चक्क अमेरिकी वकिलातीच्या तारेवरून! ती जात होती लंडनवरून. इंग्रजांनी वाचली. एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. केवळ या तारेमुळे, असं मी म्हणणार नाही. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवतच होत्या.

आज पेंडरच्या जागी गूगल आणि मेटा आहेत. दोघांनी हाँगकाँगच्या एका कंपनीला सोबत घेऊन लॉस एंजेलिस ते हाँगकाँग केबल टाकायला घेतली. केबल पडलीही. २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने हाँगकाँगच्या जोडणीला हरकत घेतली. तैवान आणि फिलिपीन्सचे फाटे सुरू झाले, हाँगकाँगकडचा तुकडा मात्र पडून राहिला. जगातल्या एवढ्या धनाढ्य कंपन्या, पण कागदावर शिक्का शेवटी वॉशिंग्टनचाच लागतो.

मात्र मार्ग कुठून न्यायचा, हे अजून कंपनीच ठरवते. युरोप-आशियातल्या बहुतेक केबल इजिप्तमधून जातात आणि इजिप्त त्याचं भाडं घेतो. गूगलच्या नव्या 'ब्लू-रामन' जोडणीने इजिप्त टाळून इस्रायल-जॉर्डनची वाट धरली. त्यातल्या रामन केबलला नाव आपल्या सी. व्ही. रामन यांचं, आणि तिचं टोक यायचंय पुन्हा मुंबईतच.