एकवीस हजार खाती आणि एकच कर्जदार

नमस्कार. समोर बघतोय तर निम्मे लोक सोसायट्यांचे सेक्रेटरी नाहीतर खजिनदार दिसतायत, म्हणून फ्रॉडची पुस्तकी व्याख्या बाजूला ठेवतो आणि थेट पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर येतो. घोटाळा होतो कसा आणि शेवटी निस्तरायला कोणाच्या गळ्यात येतो, हे बघायला आपल्या मुंबईत यापेक्षा धडधडीत उदाहरण नाही.

बँक १९८४ साली सायनला एका खोलीत सुरू झाली. वाढत वाढत १३७ शाखा झाल्या, ठेवी साडेअकरा हजार कोटींच्या वर गेल्या. ठेवीदार कोण, तर छोटे दुकानदार, ट्रान्सपोर्टवाले, पेन्शनर, गुरुद्वारे, पतसंस्था आणि आपल्यासारख्या सोसायट्या. मार्च २०१९ च्या ताळेबंदात ग्रॉस एनपीए (एकूण कर्जातलं थकलेलं कर्ज) ३.७६ टक्के, म्हणजे सहकारी बँकेच्या मानाने तब्येत ठणठणीत. आणि सहाच महिन्यांनी, २४ सप्टेंबरला, लोकांच्या मोबाइलवर मेसेज येतो की पुढचे सहा महिने खात्यातून फक्त १००० रुपये काढता येतील. रोजचे नाही हो, सहा महिन्यांत मिळून हजार. नंतर ती मर्यादा दहा हजार, पंचवीस, चाळीस, पन्नास अशी चढत गेली, पण पहिल्या दिवशी शाखेच्या शटरबाहेर उभा असलेल्या माणसाला ते कुठे माहीत होतं?

आता आतली भानगड बघा. एचडीआयएल नावाची बिल्डर कंपनी आणि तिच्या गटातल्या कंपन्या, यांच्याकडे बँकेचं साडेसहा हजार कोटींपेक्षा जास्त कर्ज. बँकेने वाटलेल्या एकूण कर्जातला जवळजवळ ७३ टक्के हिस्सा एकाच घरात. नियम काय होता? अर्बन सहकारी बँकेने एका गटाला आपल्या भांडवली निधीच्या, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या पैशाच्या, ४० टक्क्यांच्या वर कर्ज द्यायचं नाही. एकूण कर्जाच्या नाही हं, भांडवलाच्या! म्हणजे नियम वाकवला म्हणण्यात पण अर्थ नाही, नियमाकडे कोणी ढुंकून बघितलंच नव्हतं.

हे लपवलं कसं ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांचे एमडी जॉय थॉमस यांनी रिझर्व्ह बँकेला जे पत्र लिहिलं त्यात हे आलंय. तपासणीला येणारे अधिकारी पूर्वी मोठमोठी खाती तेवढी बघायचे. मग मोठं थकलेलं खातं दाखवायचंच नाही, त्याच्या जागी बारक्या रकमांची खोटी खाती दाखवायची, बेरीज जुळली की झालं. अशी किती खाती? २१,०४९. साडेसहा हजार कोटी भागिले एकवीस हजार करून बघा, एका खात्याला सरासरी ३१ लाख येतात. एकतीस लाखांचं कर्ज बघून कोणाची भुवई उंचावणार आहे? आणि ही खाती बँकेच्या कोअर बँकिंग सिस्टिममध्ये, म्हणजे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या मुख्य कॉम्प्युटर प्रणालीत, नव्हतीच, फक्त रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत होती. ९० दिवस हप्ता-व्याज आलं नाही की खातं एनपीए करायचं, त्याच्यावरचं व्याज उत्पन्नात धरायचं नाही, बुडीत जाईल म्हणून नफ्यातून तरतूद करायची, हे बँकेतल्या कोणत्याही क्लार्कला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. इथे वर्षानुवर्षं ते केलंच नाही.

का केलं नाही, तर म्हणे बँकेचं नाव खराब होईल. हे वाक्य मला कोणत्याही चोरीपेक्षा जास्त घातक वाटतं, कारण ते ऐकायला इतकं सज्जन वाटतं की खालचा माणूस गप्प बसतो, संचालक गप्प बसतात, ऑडिटर सही करतो. संस्थेवरच्या प्रेमापोटी चाललंय असंच सगळ्यांना वाटत राहतं. शेवटी त्याच बँकेच्या कर्ज विभागातले काही कर्मचारी रिझर्व्ह बँकेकडे गेले म्हणून हे बाहेर आलं. सोपं नसतं हो ते, स्वतःचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिच्याच विरुद्ध जाऊन बोलायचं.

पुढचं थोडक्यात. एचडीआयएलच्या वाधवान पितापुत्रांना ३ ऑक्टोबर २०१९ ला अटक झाली, थॉमस आणि बँकेचे चेअरमनही आत गेले. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे पैसे ठेव विम्यातून मिळाले, त्यावरच्या रकमेसाठी वैयक्तिक ठेवीदारांना हप्ते, आणि ज्यांचे जास्त अडकले त्यांना शेवटच्या पैशासाठी दहा वर्षं थांबायचंय. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं! यावर मी काही बोलत नाही.

पण सोसायट्या आणि पतसंस्थांचं काय झालं ते नीट ऐका, कारण पेपरात याच्यावर फार कमी आलं. संस्थात्मक ठेवींना हप्ते नाहीत. विम्याच्या वरच्या रकमेपैकी ८० टक्क्यांचे प्रेफरन्स शेअर (ठरलेल्या दराने लाभांश देणारे), २० टक्क्यांचे इक्विटी वॉरंट (पुढे कधीतरी शेअर मिळण्याचा हक्क). समजा तुमच्या सोसायटीची ४० लाखांची एफडी होती, सिंकिंग फंड, रिपेअर फंड सगळं धरून. पाच लाख हातात. उरलेल्या ३५ मधले २८ लाख अशा शेअरमध्ये ज्यांना मुदतच नाही, लाभांश वर्षाला एक टक्का, म्हणजे २८,००० रुपये, तोही एका वर्षी नाही दिला तर पुढे साचत नाही. सात लाखांचे वॉरंट. आता इमारतीचं प्लास्टर पडतंय, लोखंड दिसायला लागलंय, कंत्राटदाराला वॉरंट दाखवणार? परत मेंबरांकडून वर्गणी काढायची. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न काय येतो, तर ‘या बँकेत पैसे ठेवायला कोणी सांगितलं होतं?’ आणि शिव्या खातो बिचारा खजिनदार, ज्याने व्याज अर्धा टक्का जास्त मिळतं म्हणून आणि सहकार कायद्यात बसतं म्हणून तिथे ठेवले होते, त्याचं काय चुकलं? पतसंस्थेचं तर आणखी वाईट, तिथे तिच्या स्वतःच्या ठेवीदारांनाही तोंड द्यायचं, ज्यांनी पीएमसीची पायरी कधी चढली नव्हती.

तीच एचडीआयएल दुसरीकडे पण होती. गोरेगावची पत्राचाळ, ६७२ कुटुंबं, पुनर्विकासाचा करार २००८ चा, आणि काम तिच्याच गटातल्या कंपनीकडे. लोक घरं रिकामी करून भाड्याने राहायला गेले आणि वर्षानुवर्षं भाड्यानेच राहिले. कागदावर वेगळा गुन्हा, वेगळा तपास. पण एकाच गटाच्या पायी एकीकडे ठेवीदार अडकले, दुसरीकडे भाडेकरू.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये विमा एक लाखाचा पाच लाख झाला, बँकिंग कायदा बदलून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेला जास्त अधिकार मिळाले, आणि २०२१ पासून बँकेवर निर्बंध आले तर विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायचे ठरलं. विम्याचा हप्ताही १०० रुपयांच्या ठेवीमागे १० पैशांचा १२ पैसे झाला. तो भरतात सगळ्या बँका, नीट चालणाऱ्यासुद्धा.

एक चिठ्ठी आलीय, ‘मग सरकारी बँकेत ठेवावे का?’ ठेवा की, पण पंजाब नॅशनलचं २०१८ आठवा, फोर्टची ब्रॅडी हाउस शाखा, नीरव मोदी. तिथे परदेशी बँकांना हमीचे मेसेज स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून, जायचे आणि कोअर बँकिंगमध्ये त्याची नोंदच व्हायची नाही. रक्कम तेरा हजार कोटींच्या वर, म्हणजे पीएमसीच्या दुप्पट. युक्ती तीच, खरा व्यवहार कॉम्प्युटरच्या बाहेर ठेवायचा. तरी तिथे एकाही ठेवीदाराचा रुपया अडकला नाही, कारण मागे सरकार उभं होतं आणि त्याने बँकेत भांडवल ओतलं. ते भांडवल आलं कुठून, हे इथे टॅक्स भरणारे बसलेत त्यांना मी काय सांगणार.