कांद्याच्या सालींचा सोनेरी रंग

(दृश्य : वाशीचा कांदा-बटाटा बाजार, गाळ्यासमोर सालींचा ढीग)

पोती पालटली की मागे उरतात त्या या सुक्या साली. कुणीही उचलून नेऊ देतं. बुरशी लागलेल्या तेवढ्या निवडून टाकायच्या.

अर्धा किलो लोकर रंगवायला २५० ग्रॅम साली पुरतात. लोकर पांढरी घ्यावी. दख्खनी मेंढीची काळी लोकर घोंगडीला शोभते, पण तिच्यावर हा रंग दिसत नाही. लडी (धाग्याच्या गुंड्या) सैल बांधाव्या. दोरा आवळला तर तिथे रंग शिरत नाही, पांढरे पट्टे राहतात.

(दृश्य : रिठ्याचा फेस)

लोकरीत मेंढीच्या अंगचं मेण असतं. ते आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात काढायचं, न चोळता. धुण्याचा सोडा नको. लोकर प्रथिनाची, सोड्याने तंतू खराब होतो.

मग रंग पक्का धरावा म्हणून तुरटी : ६० ग्रॅम, आधी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, १५ लिटर पाण्यात. जास्त घातली तर लोकर हाताला चिकट लागते. पातेलं स्टीलचं, लोखंडी भांड्यात रंग काळवंडतो.

खरं कसब आचेत आहे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकली किंवा जोरात ढवळली, की ते एकमेकांत अडकतात. लोकर आटते, तिचा नमदा म्हणजे घट्ट गुंतलेला थर होतो, आणि तो पुन्हा सुटत नाही. म्हणून ओली लोकर तुरटीच्या कोमट पाण्यात सोडायची, पाऊण तासात हळूहळू ८० अंशांपर्यंत न्यायची आणि तासभर तिथेच ठेवायची. उकळी नाही. मग भांड्यातच निवू द्यायची, घाई असली तरी.

(दृश्य : गाळलेलं तांबूस पाणी)

साली मात्र खुशाल तासभर उकळा. पाणी गाळा, कोमट होऊ द्या, त्यात लोकर सोडा आणि पुन्हा तसंच ८० अंशांपर्यंत चढवा. पाऊण तासात सोनेरी-नारिंगी रंग धरतो.

मेंदीसारखा हिरवट हवा असेल, तर शेवटी लोकर बाहेर काढून पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार) विरघळवायचा आणि लोकर परत सोडायची. दहा मिनिटं पुरे. लोकर आत असताना घातला तर डाग पडतात. प्रमाण वाढलं तर तंतू ठिसूळ होतो.

वाळवणं सावलीतच. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत पंखा लावावाच लागतो, नाहीतर कुबट वास धरतो.

विकायला काढण्याआधी एक धागा अर्धा पुठ्ठ्याने झाकून पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवावा. उघडा भाग बराच फिकटला, तर त्या लोकरीची शाल करा, पडदा नको.