पोटातलं पाणी आणि पानातलं मीठ

मंडळी, पत्रिकेवर ‘जलोदर : कारणे व उपचार’ असं छापलंय. जलोदर म्हणजे पोटात पाणी साचणं; त्यावर येतोच. पण आधी मिठावर बोलू द्या, कारण वॉर्डात नातेवाइकांशी मी सगळ्यात जास्त भांडलोय ते मिठावरून.

एक काकू नवऱ्याला घेऊन आल्या. पोट तट्ट, बेंबी बाहेर आलेली, नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. काकूंनी पिशवीतून वही काढली. सकाळी अर्धा पेला, गोळीबरोबर दोन घोट, असा पाण्याचा चोख हिशोब. “डॉक्टर, थेंब जास्त दिला नाही हो!” काका बिचारे कोरडे ओठ चाटत बसलेले. मी विचारलं, जेवायला काय देता? कॉटखालून डबा निघाला. भाकरी, मुगाची आमटी, दोन भाजलेले पापड, लिंबाचं लोणचं, आणि पाणी बंद म्हणून बाटलीत मसाला ताक! भाकरी सोडली तर बिनमिठाचं काही नाही. “पथ्याचंच आहे, कशात तेल नाही,” काकू म्हणाल्या. तेलानं काकांचं काय वाकडं केलं होतं, देव जाणे.

हसताय, पण घरोघरी हेच चालतं. यकृत निबर झालं की त्यातून रक्त नीट पुढे जात नाही; पुलाखाली गाळ साचला की नदी मागच्या शेतात शिरते, तसा दाब मागे चढतो. मूत्रपिंडाला वाटतं, रक्त कमी पडलं. मग ते मीठ धरून ठेवतं, मिठामागून पाणी, आणि ते पोटात झिरपतं. म्हणून दिवसाला सगळं धरून साधारण 5 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पाणी तोडायचं ते रक्तातलं सोडियम 125 च्या खाली उतरलं तरच. ‘आम्ही सैंधव वापरतो’ म्हणणाऱ्यांनो, तेही मीठच. आणि दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठ तर या रोग्याला देऊच नका. त्यात पोटॅशियम असतं, आमची स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळीही पोटॅशियम अडवते, आणि दोन्ही मिळून हृदयाच्या ठोक्यांशी खेळ होतो.

जाता जाता सुश्रुताची गोष्ट. ‘पोटातलं पाणी काढलं की माणूस जातो’ असं म्हणतात ना? या प्राचीन शल्यवैद्यानं हेच पाणी काढायची रीत लिहून ठेवलीय. बेंबीखाली, डावीकडे चार बोटं सोडून व्रीहिमुख, म्हणजे भाताच्या दाण्यासारख्या टोकाच्या शस्त्रानं भोक पाडा, नळी घाला, हवं तर पक्ष्याच्या पिसाची. पण सगळं एका दिवसात काढू नका, आणि नंतर पोट गच्च बांधा. आम्हीही बहुधा डावीकडूनच सुई घालतो, आता सोनोग्राफीत बघून. एकदम फार पाणी काढलं तर रक्ताभिसरण कोसळू शकतं, म्हणून 5 लिटरच्या वर काढताना प्रत्येक लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन शिरेतून देतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. तर कारणं! दारू हे एकच नाही; काविळीचे बी आणि सी विषाणू, लठ्ठपणा-मधुमेहातलं चरबीचं यकृत. शेजारच्या बाईंचं पोट फुगलं म्हणून कुजबुजू नका, त्यांनी दारू हुंगलीही नसेल. शिवाय आपल्याकडे पोटाचा क्षयरोग, अंडाशयाचा वगैरे कर्करोग, हृदयविकार. म्हणून पहिल्यांदा पाणी आढळलं की सुईनं थोडं काढून तपासायचंच. त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला 250 च्या वर असल्या तर जंतुसंसर्ग धरून लगेच प्रतिजैविक. लघवीच्या गोळ्या चालू असताना रोज सकाळी वजन करा; पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरायला नको. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद, त्या मूत्रपिंड गोत्यात आणतात. डाळ, अंडी, दूध तोडू नका, हे रोगी आधीच हातापायांनी काड्या झालेले असतात. पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल तर यकृत प्रत्यारोपणाचं विचारायला उशीर करू नका. ताप, पोटदुखी, बरळणं, काळी शी, यातलं एक जरी दिसलं तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

आजोबा, शहाळं? त्यातही पोटॅशियम. रक्ताचा रिपोर्ट दाखवा, मग सांगतो.