गुलाब आधी पाणी होता

नमस्कार मंडळी. आजचा विषय फुलाचा आहे पण सुरुवात जरा नको त्या शब्दाने करतोय, नाश्ता चालू असेल तर दोन मिनिटं आवाज बारीक करा. शब्द आहे जुलाब. हो, तोच, ज्याच्यासाठी घरात ओआरएसची पुडी ठेवतो. तर हा जुलाब आणि आपण हारात ओवतो तो गुलाब, हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार. नुसतं यमक जुळतंय म्हणून नाही सांगत, खरंच सख्खी भावंडं आहेत, एक इराणातून थेट आपल्याकडे आला आणि दुसरा आधी अरबांच्या घरी राहून मग आला.

त्याचं असं की फारसीत गुल म्हणजे फूल, आणि त्यातही खास करून आपण गुलाब म्हणतो ते फूल. आब म्हणजे पाणी, पंजाबातला आब तोच. गुल आणि आब, झालं गुलाब. म्हणजे बघा, हे फुलाचं नाव नव्हतंच कधी, हे त्या फुलापासून काढलेल्या पाण्याचं नाव. इराणात आजही हा शब्द बाटलीतल्या पाण्यालाच वापरतात, फुलाला गुल-ए-सुर्ख वगैरे म्हणतात. तिकडे काशान शहराजवळ कमसर म्हणून गाव आहे, तिथे मे महिन्याच्या आसपास गुलाबपाणी काढायचा सीझन असतो आणि लोक लांबून ते बघायला जातात. मोठ्या तांब्याच्या भांड्यात पाकळ्या आणि पाणी टाकून खाली जाळ, वर झाकण पक्कं बंद, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरवायची आणि ते भांडं गार पाण्यात ठेवायचं की वाफेचं परत पाणी होतं, ते सुगंधी पाणी म्हणजे गुलाब. आपल्याकडे कन्नौजला अत्तर काढतात तीही रीत हीच, तिथे पहिल्या भांड्याला देग म्हणतात आणि दुसऱ्याला भपका. पाण्यावर जे तेल तरंगतं ते तर सोन्याच्या भावाचं, एक किलो तेलाला तीन-चार टन फुलं लागतात. हे तरंगणारं तेल नूरजहानच्या आईच्या नजरेत आलं आणि अत्तर झालं असं जहांगीर बादशहाने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय, सासूबाईंचं एवढं कौतुक लिहून ठेवणारा जावई तसा विरळाच.

आता अरबांकडे येऊ. अरबीत ग नाही, म्हणून त्यांनी फारसी ग चा ज केला आणि गुलाबचं झालं जुलाब. हे त्यांचं जुलाब म्हणजे औषधाचं गोड सरबत, गुलाबपाणी आणि साखर घालून केलेलं. हकीम लोक कडू औषध ह्या सरबतातून द्यायचे, आणि पोट साफ करायचं औषधही ह्यातूनच. हळूहळू सरबत बाजूला राहिलं आणि पोट साफ करायच्या औषधालाच जुलाब म्हणायला लागले. मराठीत ह्याचा पुरावा अजून शिल्लक आहे, आजीच्या तोंडी "एरंडेलाचा जुलाब घेतला" असं असायचं, म्हणजे जुलाब ही घ्यायची गोष्ट होती. आपण आता म्हणतो जुलाब झाले, जुलाब लागले. औषधाचं नाव आजाराला चिकटलं. तोच शब्द पश्चिमेकडे गेला तर तिकडे त्याचं ज्युलेप झालं आणि अमेरिकेत पुदिना घालून व्हिस्कीचं ड्रिंक म्हणून लोक ते घोड्यांच्या शर्यतीला पितात. नशीब एकेकाचं.

तुम्ही म्हणाल फारसी-अरबीचं राहू द्या, मराठीत गुलाब म्हणजे फूलच ना. आज हो. पण जुने शब्द जरा उघडून बघा. लग्नात दाराशी उभं राहून शिंपडतात ती गुलाबदाणी, तिच्यात फुलं असतात का? पाणी असतं. दरबाराच्या जुन्या वर्णनांत शेवटी अत्तर-गुलाब झाला, पानसुपारी झाली असं येतं, तो गुलाब म्हणजे पाणीच, प्रत्येकाच्या अंगावर शिंपडायचं. गुलाबजाममध्येही गुलाब आहे तो पाकातल्या गुलाबपाण्याचा, आणि जाम म्हणजे आकाराने जांभळासारखा. मग पाण्याचं नाव फुलाने पळवल्यावर पाण्याला काय म्हणायचं हा प्रश्न आला आणि आपण बिनधास्त गुलाबपाणी म्हणून मोकळे झालो, म्हणजे फूल-पाणी-पाणी. पावरोटीत नाही का, पाव हा पोर्तुगीज शब्दच मुळी रोटीचा, तरी आपण पुढे रोटी लावतोच.

आता आपल्या गावाचं बोलू, कारण नाशिककरांचं ह्या गुल शब्दाशी जुनं नातं आहे. मुघलांच्या काळात नाशिकचं नाव होतं गुलशनाबाद. गुलशन म्हणजे फुलबाग. काही लोक ह्याचं थेट गुलाबांचं शहर करून टाकतात, ते ऐकायला छान वाटतं पण माझं मत विचाराल तर ते ओढूनताणून आहे, गुलशनमध्ये कुठलीही फुलं चालतात. अठराव्या शतकात मराठ्यांकडे शहर आलं आणि नाशिक हे जुनं नाव परत रूढ झालं. गुलशनाबाद आता फक्त इतिहासाच्या पुस्तकात नाहीतर एखाद्या दुकानाच्या पाटीवर.

मात्र गुलाबांचं म्हणाल तर ते नाशिकला खरोखर आहेत, फक्त शहरात नाही, दिंडोरी तालुक्यात. मोहाडी, जानोरी ह्या बाजूला जा, पॉलीहाऊसच्या पांढऱ्या ओळी दिसतील, आत डच गुलाब. व्हॅलेंटाइनच्या आधी तिथे जी धावपळ असते ती बघण्यासारखी. आणि इथे गंमत बघा, फुलबाजारात नुसतं गुलाब द्या म्हणून भागत नाही, डच पाहिजे का देशी, टॉप सिक्रेट का ताजमहाल, उघड्यावरचा ग्लॅडिएटर चालेल का. लांब दांडीचा, टपोरी कळीचा तो भेट द्यायला. गुलकंदाला मात्र तो काही कामाचा नाही, त्याला वासच बेताचा, तिथे देशी गुलाबच पाहिजे. म्हणजे ज्या वासाच्या पाण्यामुळे ह्या फुलाला हे नाव मिळालं तो वास घरी ठेवून आलेलं फूल आज बाजारात सगळ्यात महाग गुलाब म्हणून विकलं जातं. मला हे जरा खटकतं, पण शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात तर आपण कोण बोलणार.

ह्या गुलचे बाकीचे पाहुणेही आहेत. गुलछडी मेक्सिकोकडची, गुलबक्षी दक्षिण अमेरिकेतली, गुलमोहर मादागास्करचा. इराणशी ह्या झाडांचा संबंध नाही, गुलाबाशी तर अजिबातच नाही, पण फूल देखणं आहे ना, मग लावा पुढे गुल. माणसांनाही लावलं. खानदेशात तर गुलाबराव म्हणजे चांगला भरघोस मिशांचा, फेटा बांधलेला माणूस डोळ्यापुढे येतो, नाजूकपणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग आला गुलाबी रंग. फुलावरून रंगाला नाव पडलं हे सरळ आहे, पण पुढे तो रंगही जागेवर राहिला नाही. दिवाळीनंतर आपल्याकडे जी थंडी पडते तिला आपण गुलाबी थंडी म्हणतो, थंडीला कुठला आलाय रंग, पण कोणाला विचित्र वाटत नाही. गंगापूर रोडला सकाळी जॉगिंग करणाऱ्याला ती गुलाबी, आणि तिकडे निफाडचा पारा घसरला की द्राक्षवाल्याला मणी तडकायची धास्ती, तो बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतो, त्याला गुलाबी म्हणून बघा काय ऐकावं लागतं ते. कापूसवाल्याला गुलाबी म्हटलं की बोंडअळी आठवते, 2017 साली तिने विदर्भात केवढं नुकसान केलं. 2016 च्या नोटबंदीनंतर आलेली दोन हजाराची गुलाबी नोट तर आली तशी गेली. आणि सप्टेंबर 2021 मध्ये चक्क चक्रीवादळाचं नाव गुलाब होतं, नाव पाकिस्तानने सुचवलेलं, ते आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याच्या उरलेल्या पावसाने मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं. इराणात तर गुलाबी म्हणजे रंगच नाही, गुलाबी म्हणजे नासपती, ते पेअर फळ. आपल्या गुलाबी रंगाला ते सूरती म्हणतात, सूरत म्हणजे चेहरा, म्हणजे चेहऱ्याचा रंग.

वेळ संपत आलीय, पण एक राहिलं. आपल्या शेवंतीची भानगड ह्याहून मोठी आहे. आपण जिला शेवंती म्हणतो, गौरी-गणपतीत आणि दसऱ्याला जी पिवळी-पांढरी ढिगाने येते, तिचंच नाव हिंदीत सेवती असं झालंय आणि तिकडे सेवती म्हणजे शेवंती नाहीच, पांढरा गुलाब. कानडीत परत सेवंतिगे म्हणजे आपलीच शेवंती. नाव एक, अर्धा देश एका फुलाला म्हणतोय आणि अर्धा दुसऱ्याला. त्याबद्दल पुढच्या भागात बोलू, तोवर तुमच्याकडे शेवंतीला अजून काही वेगळं नाव असेल तर पत्राने नक्की कळवा. नमस्कार.