टोपी घातली की बोलता यावं

(दृश्य: शिंप्याची टेप, स्केच पेन, मागं सारलेले केस.)

नाकाचं मूळ कपाळाला मिळतं तिथं टेपचं एक टोक. डोक्याच्या मागं, मानेच्या वर, हाताला हाडाचं टेंगूळ लागतं तिथं दुसरं. माप आलं ३६ सेंटिमीटर. निम्म्यावर, १८ला, खूण. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तसंच. दोन्ही रेषा जिथं छेदतात, तो डोक्याचा मध्य. मेंदूशास्त्रज्ञ हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या या खोलीत इंजिनिअरिंगची मुलं मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी एका मावशींच्या डोक्यावर बसवताहेत.

"मावशी, आता डोळं मिचकावू नका हं."

"किती येळ रं बाळा?"

"झालंच, पाच मिनटं."

पाच मिनिटांत होत नाही. मावशींचे केस दाट, आणि सकाळीच तेल लावलेले. बोथट सुईच्या सिरिंजनं केस बाजूला सारायचे, कातडी दिसली की तिथं जेल सोडायचं आणि स्क्रीनवरचा, मधला अडथळा दाखवणारा आकडा खाली येतोय का बघायचं. नाही आला, की परत. इलेक्ट्रोड, म्हणजे लहर टिपणारी टोपीतली चकती, चांदीचा असतो, वर सिल्व्हर क्लोराईडचा थर. चांदीइतकी चांगली वीज दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही. हुपरीच्या चांदीवर पोसलेल्या या जिल्ह्याला चांदीचं कौतुक सांगायला नको. अडतं ते चांदी आणि कातडी यांच्या मधे.

व्होल्टचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट. डोक्याच्या कातडीवर पोचणारी लहर साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टची. पापणी लवली तरी ती झाकोळते. भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर वेगळीच.

(दृश्य: टोपीच्या वायरी, लॅपटॉपवर धावणाऱ्या रेघा.)

एवढा खटाटोप कुणासाठी? एएलएससारख्या, स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी झिजवणाऱ्या आजारानं किंवा मेंदूच्या बुंध्यातल्या पक्षाघातानं ज्यांचं सगळं शरीर थांबलं, पण बुद्धी लख्ख आहे, त्यांच्यासाठी. घरात बोललेला शब्द न् शब्द त्यांना कळतो. उत्तर तेवढं बाहेर येत नाही. मेंदू थेट संगणकाला जोडायची कल्पना जाक विदाल यांनी १९७३ साली कॅलिफोर्नियात मांडली. १९८८ मध्ये फारवेल आणि डॉन्चिन यांनी पडद्यावरची अक्षरं निव्वळ लक्ष देऊन निवडून दाखवली. हवं ते अक्षर चमकलं, की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक उसळी उठते. यंत्र ती उसळी शोधतं.

मग हे अजून घराघरांत का नाही? कारणं पुष्कळ आहेत. मला सगळ्यात जास्त टोचतं ते एकच: सुरुवातीला जाणारा वेळ.

टोपी बसली म्हणजे काम सुरू झालं असं नाही. यंत्राला हा मेंदू नवा असतो. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राला या मेंदूची ओळख करून देणं. हात हलवायच्या कल्पनेवर चालणाऱ्या यंत्रात ते असं: पडद्यावर उजवा बाण आला, उजवा हात हलवल्याची कल्पना करा. डावा आला, डावा. उजव्या हाताचा विचार केला, की डोक्याच्या डाव्या बाजूची ८ ते १२ हर्ट्झची लय मंदावते, आणि डाव्याचा केला की उजव्या बाजूची. पण नेमकी कुठं आणि किती, हे कवटीच्या जाडीवर, मेंदूच्या घड्यांवर, झोप कशी झाली यावरही ठरतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठानं २००८ मध्ये खुल्या केलेल्या एका प्रसिद्ध डेटात ९ माणसं आहेत. प्रत्येकानं एकेका सत्रात २८८ वेळा हात, पाय किंवा जीभ हलवल्याची कल्पना केली. एका खेपेला आठेक सेकंद धरले, तरी अर्ध्या तासाच्या वर जातं. धडधाकट तरुणालाही कंटाळा येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडं दिवसभरात लक्ष एकवटायची जेवढी ताकद असते, ती बाणांवरच संपते. आणि उद्या टोपी बोटभर सरकली, की पुन्हा पहिल्यापासून.

(दृश्य: तालमीतली लाल माती, जोर मारणारी पोरं.)

गंगावेस तालमीत नवं पोरगं आलं, तर मुरलेला वस्ताद त्याला महिनाभर नुसतं बघत बसत नाही. शेकडो पोरं हाताखालून गेलेली असतात. पहिल्या पकडीतच अंदाज येतो, बाकीचं खेळता खेळता कळतं. यंत्रालाही हेच शिकवायचं चाललंय. आधीच्या अनेक मेंदूंवर ते तयार करायचं आणि नव्या माणसाकडं तो अंदाज घेऊन पाठवायचं.

हे बोलायला सोपं, करायला अवघड, कारण प्रत्येकाच्या लहरींचा पाया वेगळा. इथं गणित कामाला आलं. कुठले इलेक्ट्रोड एकत्र चढतात-उतरतात, याचा तक्ता मांडायचा. अलेक्झांडर बाराशां आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या ग्रेनोबलला २०१२ मध्ये दाखवलं, की हे तक्ते सपाट कागदावरच्या बिंदूंसारखे नव्हे, वक्र पृष्ठभागावरच्या बिंदूंसारखे मोजले तर ओळख पक्की होते. पुढं इतरांनी प्रत्येक माणसाच्या तक्त्यांचा मध्य सरकवून एकाच ठिकाणी आणला. हा मध्य काढायला उजवं-डावं सांगावं लागत नाही. थोडं रेकॉर्डिंग पुरतं.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२च्याच सुमारास अक्षरांच्या तक्त्यासाठी कॅलिब्रेशनच काढून टाकलं. यंत्र पहिल्या मिनिटापासून अंदाजानं लिहू लागतं, सुरुवातीला चुकतं, लय सापडली की मागं जाऊन आपलीच चुकलेली अक्षरं दुरुस्त करतं. मला हे फार आवडतं. इथं चुकण्याचा भार यंत्रानं घेतलाय, आजाऱ्यानं नाही.

कारण एरवी उलटंच होतं. १५ ते ३० टक्के लोकांना हे जमत नाही असं सांगितलं जातं, आणि त्यांना चक्क 'निरक्षर' म्हणायची रीत पडली. जो माणूस जीव एकवटून विचार करतोय त्याला निरक्षर म्हणणं अन्यायाचं आहे. वाचता येत नाही ते यंत्राला.

शस्त्रक्रियेच्या वाटेनं तर मोठी झेप घेतलीय. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथं एएलएस झालेल्या ४५ वर्षांच्या एका गृहस्थांच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार पहिल्याच दिवशी, ३० मिनिटांच्या रेकॉर्डिंगवर, ५० शब्दांच्या यादीतून ते बोलू पाहत असलेला शब्द ओळखण्याची अचूकता ९९.६ टक्के. दुसऱ्या दिवशी शब्दसंग्रह सव्वा लाखाचा.

पण कवटी उघडणं प्रत्येकाला परवडणारं नाही. टोपीच सुधारायला हवी, आणि ती आपल्या डोक्यांवर. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटानं कृष्णवर्णीयांच्या दाट कुरळ्या केसांसाठी, वेण्यांच्या मधे बसणाऱ्या इलेक्ट्रोडच्या क्लिपा बनवल्या. तेल लावलेल्या, घट्ट अंबाड्याच्या केसांचा विचार इथल्याच कुणीतरी करायला हवा.

(दृश्य: वहीच्या पानावर पेन्सिलीनं आखलेली चौकट.)

अक्षरांचंही तेच. १९८८चा तक्ता ३६ खान्यांचा. इंग्रजी त्यात आरामात मावते. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं धरली तर मराठी मावत नाही. पण आपली वर्णमाला मुळातच वर्गवार आहे. आधी क-वर्ग की त-वर्ग निवडा, मग त्यातलं अक्षर. मुलांनी वहीत तसा तक्ता आखलाय.

पहिल्या दिवसासाठी एक छोटी यादीही. मुलांनी वर 'नमस्कार' लिहिलं होतं. आपल्या अंथरुणातल्या सासऱ्यांचं सगळं करणाऱ्या मावशींनी ते खोडायला लावलं आणि क्रम सांगितला: कूस बदला. तोंड कोरडं पडलंय. पंखा बंद करा. पाय दुखतोय. दार लावा.