चवथीची आरती आणि मेंदूतली लय

मंडळी, फोंड्यात बोलायचं म्हणजे आरतीपासूनच सुरुवात करतो. चवथीला घरोघरी जाणारा आपला मेळ आठवा. पहिल्या घरी दोन घुमटं, म्हणजे आपली मातीची तालवाद्यं, जरा मागेपुढे पडतात, कांसाळं ही झांज आपल्याच नादात वाजत असते, शामेळ हा ढोल वाजवणारा बाकीच्यांच्या हातांकडे बघत असतो. आणि कधीतरी दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला सगळं एका ठेक्यावर येऊन बसतं. ठेका कुणी धरून दिला? घुमटवाल्याला विचारा, तोही सांगू शकत नाही.

मेंदूबद्दल मला पडलेला प्रश्न हाच आहे. १९२४ साली जर्मनीत, येना इथे, हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा विद्युतलहरी टिपल्या. डोळे मिटले की सेकंदाला साधारण दहा लाटा, उघडले की त्या विरतात. हे प्रसिद्ध केलं १९२९ मध्ये. पण डोक्यावर लावलेल्या तारेला एकट्या पेशीची कुजबुज ऐकू येत नाही. लाट दिसते, कारण असंख्य पेशी एकत्र हलतात.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. एका पेशीचं वागणं हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच चार समीकरणांत मांडलं. मग ८६ अब्जांना चाराने गुणा आणि संगणकाला द्या, असं कुणी म्हणेल. समजा उत्तर आलंही. त्यातून आपल्याला लय कळली का? मला वाटतं, नाही.

जपानचे कुरामोतो यांनी १९७५ मध्ये वेगळी वाट घेतली. प्रत्येक घटक म्हणजे स्वतःच्या वेगाने फिरणारा काटा. दुसऱ्याच्या पुढे गेला की मागे ओढला जातो, मागे राहिला की पुढे. ही ओढ हळूहळू वाढवत न्या. बराच वेळ काहीच घडत नाही, सगळा गोंगाट. एक ठरावीक सीमा ओलांडली की मात्र एक गट जुळतो आणि बाकीच्यांना खेचू लागतो. ही सीमा मूळच्या वेगांच्या फैलावावरून ठरते: फैलाव दुप्पट, तर ओढही दुप्पट लागते. कागदावर हे पहिल्यांदा सोडवलं तेव्हा मी ती ओळ कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

पण मेंदूत नुसती ओढ नाही, लगामही आहे. विल्सन आणि कोवन यांनी १९७२ मध्ये पेशींचे दोन समूह धरले: चेतवणारा आणि आवरणारा. पहिला पेटतो, दुसऱ्यालाही जागवतो. दुसरा किंचित उशिराने पहिल्याला दाबतो. दाब ओसरला की पहिला पुन्हा उसळतो. जलद लयींमध्ये ठेक्याचा वेग बराचसा हा दाब किती लवकर ओसरतो त्यावर ठरतो. त्यांनी समूहाची सरासरी अंदाजाने मांडली होती. २०१५ मध्ये मोंतब्रिओ, पाझो आणि रॉक्सिन यांनी एका साध्या प्रकारच्या पेशींसाठी, समूह अतिप्रचंड मानून, ती काटेकोरपणे काढली. उरली फक्त दोन समीकरणं! पहिलं, पेशी किती वेगाने स्पंदतात याचं; दुसरं त्यांच्या सरासरी विद्युतदाबाचं.

लय जुळली म्हणजे सगळं चांगलंच, असं मात्र नाही. अपस्माराच्या एका प्रकारात मूल वाक्याच्या मध्येच थांबतं, काही सेकंद शून्यात बघतं आणि पुन्हा बोलायला लागतं. तेवढ्या वेळात मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखावर सेकंदाला तीन अशा उंच लाटा उमटतात. पेशी त्याच, त्यांच्या जोडण्याही त्याच. मग आमच्या समीकरणांतला कुठला आकडा सीमेपलीकडे सरकला असेल? माझे सध्याचे दिवस तो शोधण्यात जातात.