समुदाय भवनाची चावी

(दृश्य: संध्याकाळ. मारुतीच्या देवळाचा कट्टा, वर रस्त्याचा दिवा. वह्या मांडून बसलेल्या चार मुली.)

साडेसहा वाजलेत. बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या वाटेवरचं हे आमचं गाव. कट्ट्यावर बसलेल्या या मुली यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला आहेत. घरी दोन खोल्या. एकीत टीव्ही, दुसरीत चूल. म्हणून अभ्यास इथं. वीज गेली की वह्या मिटतात. पाऊस आला तर मुली वह्या पोटाशी धरून घराकडं पळतात.

जरा उजवीकडं बघा. कट्ट्यापासून वीस पावलांवर ही इमारत उभी आहे. वर पक्का स्लॅब, आत पंखे, ट्यूबलाइट, मागं स्वयंपाकाची शेड. दारावर लिहिलंय, समुदाय भवन. दाराला कुलूप.

दारासमोरच्या घरात राहणाऱ्या अज्जींना मी विचारलं, वर्षात हे दार कितीदा उघडतं? त्यांनी बोटांवर मोजलं. थोडी लग्नं, एक बारसं, दोन बाराव्याची जेवणं, मतदान, डोळ्यांचं शिबिर. मग बोटं थांबली. "बाकी कोण उघडतंय, पोरा? चावी कुणाकडं हाय तेच ठावं न्हाई."

लग्नंसुद्धा आता कमी झालीत. मोटारी लावायला जागा असलेली मोठी मंगल कार्यालयं हमरस्त्यावर झाली, तसं ज्यांना परवडतं ते तिकडं जातात. भवनात उरलेत गणपतीच्या मंडपाचे वासे, शिवजयंतीच्या चित्ररथाचे पुठ्ठ्याचे बुरूज आणि पंचांची भांडी. मोठमोठी पातेली, पराती, हंडे, प्रत्येकावर गावाचं नाव कोरलेलं.

(दृश्य: भांड्यांवरची धूळ. कोरलेलं नाव जवळून.)

गावाला नको होतं म्हणून हे भवन बंद पडलं असं कुणी म्हटलं, तर मला ते पटत नाही. महिलांचा बचत गट दर आठवड्याला कुणाच्या तरी सोप्यात दाटीवाटीनं बसतो. भजनी मंडळ देवळात जागा पुरत नाही म्हणून सांगतं. माणसं आहेत, इमारतही आहे. या दोहोंमध्ये आहे ते फक्त कुलूप. आणि कुलूप का आहे, याचं कारण पैसा कसा येतो त्यात आहे.

खासदार स्थानिक विकास निधी १९९३ साली सुरू झाला. एका खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामं त्यातून सुचवता येतात. गावोगावची कितीतरी भवनं अशा निधीतून उभी राहिली, आणि त्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. पण नियम असा की हा पैसा टिकाऊ बांधकामाला. झाडलोट करणाऱ्याचा पगार, विजेचं बिल, याला त्यातून एक रुपया मिळत नाही. म्हणजे भिंती येतात, पण दार रोज उघडणारा माणूस येत नाही. उद्घाटन होतं, फोटो निघतो, चावी कुणीतरी खिशात घालतो. पुढं तो कामाला गोव्याला जातो आणि चावी त्याच्या घरातल्या खुंटीवर राहते.

ती चावी परत मागायचा हक्क गावाला आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आणली. तिच्यात एकोणतीस विषय आहेत आणि अगदी शेवटचा, एकोणतिसावा, आहे सामुदायिक मालमत्तेची देखभाल. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. भवन कधी उघडायचं, भाडं किती, हिशेब कुणी ठेवायचा, हे ठरवून ठरावाच्या वहीत लिहून घेता येतं. आमच्या ग्रामसभेत गटार आणि रस्ता यांवर तासभर बोलणं होतं. भवनाचा विषय मात्र मी कधी निघालेला ऐकला नव्हता.

(दृश्य: बेळगाव शहर. जुन्या वाचनालयाचा वृत्तपत्रांचा टेबल, वाकून वाचणारी माणसं.)

सार्वजनिक खोली कशी चालवायची, हे या भागाला कुणी शिकवायची गरज नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. इंग्रजांचं राज्य गेलं, राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी तिथं वर्तमानपत्र उघडून बसणारी माणसं आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी. एवढ्याशा गावांनी स्वतःच्या बळावर मराठी साहित्य संमेलनं भरवली. सकाळी ग्रंथदिंडी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, टाळ-मृदंग, मग दिवसभर मांडव भरलेला. जे गाव एका दिवसासाठी एवढं उभं करतं, त्याला रोजचे दोन तास जड का जावेत, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय.

आपल्याला सोहळा जमतो, रोजचं काम नेमून द्यायला जमत नाही. हे मी माझ्याबद्दलही बोलतोय. शिवजयंतीला मीही रात्र रात्र जागलोय.

ऑगस्ट २०१९ आठवून बघा. जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही नद्या पात्राबाहेर. शहरातही विणकरांच्या घरांत पाणी शिरलं, माग भिजले. त्या दिवसांत शाळा, मंगल कार्यालयं, समुदाय भवनं, सगळ्यांची दारं उघडली. सतरंज्या अंथरल्या गेल्या, पंचांच्याच पातेल्यांत भात शिजला. चावी कुणाकडं, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

(दृश्य: जुलै. पावसात रोप लावणाऱ्या बायका. बांधावर इरल्याखाली बसलेलं लहान मूल.)

आता हे मूल बघा. रोप लावणीच्या दिवसांत घरात मागं कुणी नसतं, म्हणून आई त्याला शिवारात घेऊन येते. वरून पाऊस, खाली चिखल, आणि दोन वर्षांचं पोर बांधावर. कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये 'कूसिन मने' ही योजना आणली. कन्नडमध्ये कूसु म्हणजे तान्हं मूल, मने म्हणजे घर. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतीनं चालवायचं पाळणाघर. त्यासाठी आधी जागा लागते. आमच्या भवनात ती आहे, सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत रिकामी.

संध्याकाळी त्याच जागेत अभ्यासिका बसू शकते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाची खोली बहुतेक गावांत लहान असते, पुस्तकं दाटून ठेवलेली. चार बाकं आणि दोन कपाटं भवनात आली तर मुलांना बसायला जागा होईल. शहरातल्या गल्ल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९६५ च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार घरपट्टीवर सहा टक्के ग्रंथालय उपकर बसतो. आपण तो भरतो, तेव्हा गल्लीत वाचायला जागा मागणं हा आपला हक्कच आहे.

आणि कन्नडचा पेपर. मराठी शाळेतल्या आमच्या मुलांना तो जड जातो. गावात निवृत्त झालेले एक कन्नड गुरुजी आहेत, आठवड्यातून दोन दिवस शिकवायला तयार. त्यांची एकच अट होती, बसायला जागा द्या. भाषेवरून या भागात काय काय झालंय ते मला ठाऊक आहे, माझ्या घरानं ते सोसलंय. पण मुलीचे मार्क जाऊ नयेत यावर आमच्याकडं कुणाचं दुमत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. "उघडं ठेवलं तर पत्त्यांचा अड्डा होईल," असं थोरली माणसं म्हणतात. कधी होतोही. पण मी बघितलंय, जिथं संध्याकाळी बायका आणि मुलं बसतात तिथं पत्ते पिसणारे आपोआप उठतात. त्यासाठी बायकांना यावंसं वाटलं पाहिजे. आत कडी लागणारं संडास, त्यात पाणी, बाहेर दिवा. आमच्या भवनाच्या संडासात सिमेंटची पोती होती.

दुसरी अडचण बोलायला अवघड. गावात एक भवन देवळाला लागून, एक वरच्या आळीचं, एक आंबेडकर गल्लीतलं. बांधलेलं सगळ्यांसाठी, पण कुणी कुठं पाऊल टाकायचं हे न लिहिता ठरलेलं. सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या दारात कुणाला थांबावं लागत असेल, तर आधी ते मोडायला हवं. आम्ही अभ्यासिकेसाठी तिन्ही जागा बघितल्या. आंबेडकर गल्लीतल्या मंडळींनी पहिल्याच दिवशी दार उघडून दिलं, बाकं स्वतः पुसून ठेवली. परीक्षेआधीचा महिनाभर सगळ्या गावची मुलं तिथंच बसली.

(दृश्य: वही. निळ्या शाईतल्या ओळी.)

पैशाचं गणित साधं ठेवलं. गावातल्या कार्याला कमी भाडं, बाहेरच्यांना जास्त, भांड्यांचं वेगळं. त्यातून विजेचं बिल आणि झाडणाऱ्या मावशींचा महिना भागवायचा. हिशेबाची वही दाराजवळ दोरीनं बांधलेली, कुणीही उघडून बघावी. बचत गटाच्या वैनी ती लिहितात.

मग एका रविवारी आमच्या भवनातले वासे, बुरूज आणि सिमेंटची पोती बाहेर काढली. कबुतरांची घरटी होती, ती पिल्लं उडेपर्यंत तशीच ठेवली. गंजलेलं कुलूप बदललं आणि नव्या कुलपाच्या तीन चाव्या बेळगावातून करून आणल्या. एक वाचनालयात, एक बचत गटाकडं, एक समोरच्या अज्जींकडं.

(दृश्य: संध्याकाळ. अज्जी उंबऱ्यातून उठतात, पदराच्या गाठीतून चावी सोडतात.)

साडेपाच वाजलेत. कट्ट्यावरच्या मुली वह्या उचलून उभ्या राहिल्या आहेत. दार जरा फुगलंय पावसानं. अज्जी खांदा लावतात.